उशिरा ऐकणारं मशीन

साठ साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. ठेकेदाराच्या मुंबईच्या वर्कशॉपमधून मला रेवदंड्याच्या खाडीवर पाठवलं, ते एका बॅटरीपायी. खाडीच्या आत दोन-अडीच मैलांवर खारबंदिस्तीचं काम चाललं होतं. उधाणानं जुना बांध फुटून मोठी खांड पडली होती आणि लागोपाठ तीन वर्षं गावाच्या भातशेतीत समुद्राचं पाणी शिरत होतं. जमीन पांढरी पडली होती. नवा बांध घालायला ठेकेदारानं एक एक्स्कॅव्हेटर आणला होता. तो काही काही सकाळी सुरूच होत नसे. बॅटऱ्या दोनदा बदलून झाल्या होत्या, तरी स्टार्टर एकदा टक् करायचा आणि गप्प बसायचा.

मी मूळचा माणगावकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी मुंबईला गेलो आणि लष्करानं मोडीत काढलेली मशीनं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये लागलो. इंग्रजी पुस्तकं मला वाचता येत नसत. त्यातली चित्रं मात्र मी बोट ठेवून ठेवून शिकलो होतो. मशीन बंद पडलं की इतर लोक आधी पाना उचलत. मी आधी ऑपरेटरशी बोलत असे. माझं जे काही नाव झालं होतं ते त्या सवयीमुळे.

खाडीवर पोचलो तेव्हा ऑपरेटर मशीनच्या सावलीत बसून माझी वाट पाहत होता. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातला माणूस, पंचेचाळिशीचा, उन्हानं रापलेला. आधी लाँचवर इंजिन सांभाळायचा, तिथून या कामावर आला होता. त्यानं मला नीट सांगितलं की ज्या सकाळी दव जास्त पडतं त्याच सकाळी मशीन अडतं. एवढ्यावर माझं निम्मं काम झालं. मी टेस्ट लॅम्प काढला. बॅटरीवर दिवा लख्ख पेटला, पण एक टोक मशीनच्या अंगाला लावून स्टार्टर दाबला की विझू विझू व्हायचा. अर्थिंगची जाड वायर सीटखाली एका बोल्टला बांधलेली होती. वरून रंग मारलेला, चांगली दिसत होती. बोल्ट सोडला तर आत हिरवट खाराचा थर. खरवडला, ग्रीस लावून परत आवळला, आणि मशीन पहिल्या झटक्याला सुरू झालं.

साइटवरचा इंजिनिअर साहेब माझ्याच वयाचा होता. त्यानं मुंबईला कळवून मला तिथंच ठेवून घेतलं. त्या दिवसापासून मशीनच्या बाबतीत मी म्हणेन ते तो मानू लागला.

गावातल्या मजुरांचा एक मुकादम होता. त्याची स्वतःची शेती खांडीच्या अगदी मागे, म्हणजे सगळ्यात आधी खारी झालेली. माणसं गोळा करून तो बांधावर आणायचा, दगडाचे ट्रक कुठं रिकामे करायचे ते दाखवायचा. कमी बोलणारा माणूस. कधी कधी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी माझ्यापुढे ठेवायचा आणि निघून जायचा. ऑपरेटरची बायको दिवसाआड मासळीची पाटी डोक्यावर घेऊन त्या गावात यायची. मुकादमाची बायको तिची ठरलेली गिऱ्हाईक. दोघी ओट्यावर बसून किती वेळ बोलत असत.

जानेवारीत मशीनचा एक होज पाइप फुटला. इथं मशीनचं थोडं सांगायला हवं. बादली दोरांवर चालायची, पण क्लच चालायचे तेलाच्या दाबावर. ऑपरेटरनं लिव्हर ओढला की पंपाचं तेल होज पाइपांतून क्लचपर्यंत जायचं आणि क्लच पकडायचा. मशीनचा वरचा सगळा डोलारा, म्हणजे केबिन, इंजिन, पुढची लांब बूम आणि मागचं काही टनांचं वजन, एका चक्रावर गोल फिरायचा. फिरता डोलारा थांबवायचा तर उलट्या बाजूचा लिव्हर ओढायचा. फुटला तो पाइप याच लिव्हरच्या वाटेवरचा होता. कंपनीचा पाइप परदेशातून यायला तीन महिने लागणार होते. मी मुंबईला जाऊन जुन्या बाजारातून त्याच मापाचा पाइप शोधून आणला. बाहेरून नवाकोरा होता. टोकं बसवली, दाब देऊन पाहिला, कुठं थेंबभरही गळती नव्हती. साहेबानं माझी पाठ थोपटली.

मार्चमध्ये ऊन तापायला लागलं, तेव्हा ऑपरेटर माझ्याकडे आला. म्हणाला, "मिस्त्री, दुपारनंतर मशीन उशिरा ऐकतं."

मी विचारलं, उशिरा म्हणजे किती. तो म्हणाला की लिव्हर ओढल्यावर एक-दोन श्वास जातात, मग क्लच पकडतो. रोज नाही, पण ऊन चढलं की होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी मशीन तपासलं. तेलाची पातळी बरोबर, गाळणी साफ, पंपाजवळ प्रेशरचा मीटर लावला तर काटा जिथं असायला हवा तिथं. मी स्वतः केबिनमध्ये बसून डोलारा दहा वेळा फिरवला, दहा वेळा जागच्या जागी थांबवला. मशीन ठीक आहे असं मी त्याला सांगितलं. तो मशीनवर चढला. चार दिवसांनी परत आला, तीच तक्रार घेऊन. मी परत सकाळीच तपासलं, कारण सकाळी काम सुरू व्हायच्या आधी मशीन मोकळं मिळायचं. परत सगळं बरोबर.

मधे शिमगा झाला. कोळ्यांचा तो सगळ्यात मोठा सण. ऑपरेटर दोन दिवसांची रजा घेऊन गेला आणि परत आला त्या सकाळी त्याच्या तोंडाला ताडीचा वास होता. काम त्यानं नेहमीसारखंच केलं. पण माझ्या मनात त्याची तक्रार आणि तो वास एकत्र झाले. जेवण झाल्यावर या माणसाला डुलकी येते आणि तो मशीनला नावं ठेवतो, असं मी धरून चाललो. साहेबानं विचारलं तेव्हा त्यालाही तसंच सांगितलं. तिसऱ्यांदा ऑपरेटर आला तेव्हा म्हणाला, "एकदा माझ्याबरोबर तीन वाजता बसा." मी हो म्हणालो आणि बसलो नाही. त्या आठवड्यात मी पाणी उपसायच्या पंपाच्या शेडचं काम हाती घेतलं होतं.

अपघात झाला त्या दिवशी ओहोटी होती आणि बांधाच्या खाडीकडच्या अंगाला दगड रचायचं काम चाललं होतं. तीन वाजून गेले असावेत. दगडाचा एक ट्रक मशीनच्या मागे उभा होता आणि मुकादम त्याला अजून मागे ये म्हणून खुणावत होता. जागा अरुंद होती, पण मुकादम तिथं रोजच उभा राहत असे. ऑपरेटर डोलारा कुठं थांबवतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मी शेडमध्ये कानस चालवत होतो. इंजिनाचा आवाज एकदम जड झाला, इंजिन बंद पडलं आणि बायका ओरडल्या. मी धावत गेलो. भरलेली बादली जिथं थांबायची त्याच्या पुढं गेली होती, आणि मागचं वजन ट्रकच्या फळीला जाऊन टेकलं होतं. मधे मुकादम होता. डोलारा उलटा फिरवायला मला केबिनमध्ये चढून इंजिन परत सुरू करावं लागलं. ऑपरेटर सीटवर ताठ बसला होता आणि त्याच्या हातात लिव्हर होता.

"मी ओढला व्हता, मिस्त्री," तो म्हणाला. "ओढलेलाच हाय अजून."

मुकादमाला आम्ही फळीवर घालून होडीपर्यंत नेलं. रेवदंड्याचा धक्का दिसायच्या आत तो गेला. शुद्धीत होता शेवटपर्यंत. आमच्यापैकी एकानं त्याच्या तोंडात पाणी घातलं, ते त्यानं गिळलं. त्याचा हात माझ्या हातात होता आणि तो मला काहीतरी विचारत होता, पण मला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबानं मला मशीन तपासायला लावलं. आठ वाजले होते, हवेत अजून गारवा होता. सगळं बरोबर होतं. नंतर अलिबागहून फौजदार आले, त्यांनी मला विचारलं. मशीनमध्ये दोष नाही, असं मी सांगितलं. ऑपरेटर कसा माणूस आहे, दारू पितो का, असंही त्यांनी विचारलं. मी म्हणालो की शिमग्यानंतर एकदा वास आला होता. मी खोटं काहीच सांगितलं नाही. ऑपरेटर तिथंच दहा पावलांवर बसला होता, त्यानं सगळं ऐकलं. त्याला विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला की मशीन उशिरा ऐकत होतं आणि ते त्यानं मिस्त्रीला तीनदा सांगितलं होतं. फौजदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, हो, सांगितलं होतं, मी दोनदा तपासलं, दोष नव्हता.

पोलिसांकडे अपघात म्हणून नोंद झाली. ठेकेदारानं निष्काळजीपणाचा ठपका ठेवून ऑपरेटरला काढून टाकलं. गावानं आपला निकाल त्याआधीच केला होता. त्याची बायको पाटी घेऊन आली तेव्हा वेशीवरच माणसांनी तिला अडवलं. कोणी हात लावला नाही, शिवी दिली नाही. नुसते वाटेत उभे राहिले. मी बांधावरून पाहत होतो. तिनं पाटी खाली ठेवली, थोडा वेळ उभी राहिली, आणि मग स्वतःच ती परत डोक्यावर चढवून निघून गेली. एरवी पाटी उचलायला कोणीतरी हात लावतं.

नवा ऑपरेटर मुंबईहून आला. तरुण, शिकलेला, दारूला न शिवणारा. पाचव्या की सहाव्या दिवशी तो शेडमध्ये आला आणि म्हणाला की दुपारी क्लच उशिरा पकडतो.

हातातलं काम टाकून मी उठलो. त्याच दिवशी तीन वाजता केबिनमध्ये बसलो. आत भट्टीसारखं तापलं होतं, लिव्हरला हात लावला तर चटका बसत होता. डोलारा फिरवला, उलटा लिव्हर ओढला. काही झालं नाही. एक, दोन, आणि मग झटका बसून क्लचनं पकडलं. मी परत केलं. परत तेच. किती वेळा केलं आठवत नाही. शेवटी त्या मुलानंच मला खाली उतरा म्हणून सांगितलं.

आता मी मीटर पंपाजवळ लावला नाही. होज पाइपच्या पलीकडच्या टोकाला, क्लचच्या तोंडाशी लावला. लिव्हर ओढला की पंपाकडे दाब पूर्ण होता, पण इकडे काटा शून्यावर थरथरत राहायचा आणि मग हळूहळू चढायचा. मधे फक्त तो पाइप होता. मी आणलेला, मी बसवलेला. दोन्ही वेळा तपासताना मी तो सोडून बाकी सगळं पाहिलं होतं, कारण तो नवा होता आणि माझ्या हातचा होता.

पाइप काढून मी हॅकसॉनं उभा चिरला. आतल्या रबराचा थर सुटला होता. तो पाइप पाण्याचा असावा, तेलासाठी केलेला नसावा. तेलानं रबर फुगून बोटभर लांबीची एक जीभ मोकळी झाली होती. तेल थंड असताना ती कडक राहून भिंतीला चिकटून असे. तेल तापलं की लिबलिबीत होऊन वाटेत आडवी पडायची, तेल अडवायची आणि दाब वाढला की बाजूला व्हायची. मी ती बोटानं उचलून पाहिली, सोडली, परत उचलली.

चिरलेला पाइप घेऊन मी साहेबाकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यानं पाइप हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग त्यानं विचारलं की हे अजून कोणाला माहीत आहे. मी म्हणालो, नव्या ऑपरेटरला थोडंफार. साहेब वाईट माणूस नव्हता. तो मला दरडावला नाही. म्हणाला, "हे आता वर कळवलं तर मशीन चौकशीसाठी उभं राहील. एप्रिल अर्धा संपला. खांड बुजली नाही तर गाव चौथ्यांदा बुडेल. बोला, काय करू?"

मी पाइप फडक्यात गुंडाळला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि ते माझ्या सोयीचंही होतं. परदेशातला पाइप तोवर मुंबईत आला होता. तो बसवला. मशीन दुपारीही लगेच ऐकू लागलं. मेच्या शेवटच्या आठवड्यात खांड बुजली, शेतातलं पाणी बाहेर सोडायच्या उघाडीच्या झडपा बसल्या, आणि पुढच्या उधाणाला बांध टिकला. गावानं नारळ फोडला. मुकादमाची बायको तिथं आली होती, मागे उभी होती. साहेबानं प्रसाद म्हणून खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. तो तिनं खाल्ला की नाही ते मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी रेवदंड्याला गेलो. पावसाळा तोंडावर आला होता, होड्या वर ओढून शाकारायचं काम चाललं होतं. ऑपरेटर वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांखाली बसून जाळं शिवत होता. आता तो भावाच्या होडीवर जात असे. मला पाहून त्यानं पाट पुढं सरकवला. मी बसलो नाही. उभ्याउभ्याच सांगितलं, पाइपचं, रबराचं, तो कोणी आणला होता तेही. पाइपचा तुकडा मी बरोबर नेला होता, तो त्याच्यापुढं धरला. त्यानं तो हातात घेतला नाही, लांबूनच पाहिला.

"कवा सापडला?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं, एप्रिलात.

त्यानं जाळ्याची गाठ आवळली. मग त्यानं विचारलं, "मुकादमाच्या घरी सांगितलंत?"

मी म्हणालो, अजून नाही. तो म्हणाला, "मग माझ्याकडं कशाला आलात? मना तं ठाऊकच व्हता." त्याची बायको दारात उभी होती. ती आत गेली, आणि तिनं दार लोटून घेतलं.

मी तसाच खाडीतून उलटा गेलो. मुकादमाची बायको अंगणात भात पाखडत होती, सरकारी बियाणं आलं होतं ते. तिला मशीनचं काय कळेल असं मला वाटलं होतं, म्हणून मी सोपं करून सांगू लागलो. तिनं मला मधेच थांबवलं आणि विचारलं, "म्हंजी त्यानं लिव्हर ओढला व्हता?"

मी म्हणालो, हो.

"आनि तुमी सांगितलात की त्यो पिऊन व्हता."

पिऊन होता असं मी म्हणालो नव्हतो, पण ते तिला सांगण्यात अर्थ नव्हता. तिनं सूप खाली ठेवलं. कोळणीला वेशीवर अडवलं त्या दिवशी मीही त्या माणसांत होते, असं तिनं मला सांगितलं. सगळ्यांच्या पुढं उभी होते, म्हणाली. ती रडली नाही. मग तिनं सूप उचललं आणि परत पाखडायला लागली. मी निघालो तेव्हा तिनं मान वर केली नाही.

ती नंतर रेवदंड्याला गेली असं मला दुसऱ्याकडून कळलं. ऑपरेटरच्या ओट्यावर बसून राहिली, पण त्याची बायको बाहेर आली नाही. ती पाटी पुन्हा त्या गावात कधीच गेली नाही. कोळणीनं चौलकडची घरं धरली होती, तिकडेच ती विकत राहिली.

मुंबईला परतल्यावर मी हेड ऑफिसला पत्र लिहिलं. दुसऱ्याकडून इंग्रजीत लिहून घेतलं असतं तर बरं झालं असतं, पण मला ते कोणाला वाचू द्यायचं नव्हतं. मराठीत, माझ्या अक्षरात लिहिलं. पाइप मी आणला, मी बसवला, दोष माझा, ऑपरेटरला परत घ्यावं. त्या पत्राचं उत्तर आलं नाही. मी महिनाभर वाट पाहिली, मग साहेबाला विचारलं. त्यालाही काही कळलं नव्हतं. पुढच्या वर्षी मला हेडमिस्त्री केलं. मी नको म्हणालो नाही. घरी दोन लहान मुलं होती आणि आई आजारी होती. पण ती नसती तरी मी नको म्हटलं असतं का, हे मला सांगता येणार नाही.

ऑपरेटर मला त्यानंतर एकदाच दिसला. दोन-तीन वर्षांनी मी दुसऱ्या कामासाठी रेवदंड्यावरून जात होतो आणि होडीची वाट पाहत धक्क्यावर उभा होतो. तोवर कोळ्यांच्या होड्यांना इंजिनं बसायला लागली होती. त्याच्या भावाची होडी धक्क्याला लागलेली होती, इंजिनाचं झाकण उघडं, आणि तो त्यात वाकून बसला होता. इंजिन धरत नव्हतं. दोन आचके द्यायचं आणि बंद पडायचं. डिझेलच्या वाटेत हवा शिरली होती, हे मला धक्क्यावरून नुसत्या आवाजावर कळत होतं. मी पायऱ्या उतरून होडीपाशी गेलो आणि म्हणालो, "मी बघू का?"

त्यानं मला ओळखलं. कपाळावरचा घाम मनगटानं पुसला.

"नको," तो म्हणाला. "आमी बगतू."

माझी होडी आली. मी चढलो. खाडीच्या पार पलीकडे जाईपर्यंत मी कान देऊन होतो, पण त्याचं इंजिन सुरू झालेलं मला ऐकू आलं नाही.